उस्तादांचा कान

उस्ताद, मी तुमच्या मातीला आलो नाही.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला जीभ मोकळी होईल. आपल्या बेलापुरात कुणाच्या लग्नाला नाही गेलं तर माणूस चार दिवस रुसतो, मग विसरतो. मातीला नाही गेलं तर कुणी रुसत नाही, नुसतं लक्षात ठेवतात. आणि मी काय लांबचा पाव्हणा होतो? अठराव्या वर्षी तुमच्या शेजारी केबिनमध्ये येऊन बसलो, तो तुमच्याच हाताखाली ड्रायव्हर झालो. श्रीरामपूरपासून संगमनेरपर्यंत कुठल्याही अड्ड्यावर मला 'यासीन उस्तादाचा दत्ता' म्हणतात. आणि खांदा द्यायच्या वेळी नेमका तो दत्ताच नव्हता.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. कारखान्याच्या आवारात गाडी लावलीय, साखरेचा कंटेनर भरायला अजून वेळ आहे, म्हणून केबिनमध्ये बसून मालाच्या जुन्या बिल्ट्यांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहितोय. ड्रायव्हर लिहायला लागला की मुनीम होतो, असं तुम्ही म्हणायचात. होऊ द्या. बोलायला आता कोण आहे?

नसीमचा फोन आला तेव्हा मी बंदराच्या बाहेर रांगेत होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. तुमची पोरगी रडत नव्हती, आवाज नुसता कोरडा पडला होता. "दत्ताभाऊ, अब्बा गेले. नमाज पढून बसले हुते, बसल्या जागीच." मग म्हणाली, "असरच्या नमाजीनंतर नेनार हायेत. तुमी येताय ना? तुमच्यासाठी तासभर थांबू म्हनतेत समदे."

मी म्हणालो, "येतो."

कसा येणार होतो, डोंबल! पुढं नजर पोचत नव्हती इतके ट्रेलर, मागं तितकेच. डाव्या अंगाला सिमेंटचा कठडा, उजवीकडं दुसरी रांग. दार उघडून खाली उतरायचं तर पोट आत ओढावं लागत होतं. शेठच्या गाडीवर होतो तेव्हा माझी आई गेली, तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी भरलेली गाडी पनवेलपाशी कडेला लावली, शेठला फोन केला, "चावी टायरवर ठेवलीय, मानूस पाठवा," आणि मिळेल त्या एसटीनं घरी आलो. शेठ बोंबलत राहिला, मी फोन बंद केला. नोकर होतो, त्याचं तेवढं सुख होतं. आता शेठ मीच आणि ड्रायव्हर मीच. शेठला फोन केला असता तर तो माझ्याच खिशात वाजला असता.

चार वाजेपर्यंत रांग दोन गाड्यांएवढी सरकली. पाचला नसीमचा परत फोन, "भाऊ, कुठवर आलात?" तेव्हा कुठं मी खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बरं." मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो आणि मागचा गाडीवाला हॉर्न मारायला लागला, कारण पुढं हातभर जागा झाली होती. रडत रडत पहिला गिअर टाकला. तुमची माती चालू होती तेव्हा मी हातभर पुढं गेलो, उस्ताद. त्या दिवशी एवढंच केलं मी.

ही गाडी घ्यायच्या आधी तुम्ही मला एकदा म्हणाला होतात, "नोकराला गाडी सोडता येती, दत्त्या. मालकाला गाडी सोडीत न्हाई." मी हसलो होतो. मला वाटलं, म्हातारा जळतोय.

पण मातीचं दुःख एक वेळ गिळेन. छातीवर बसलंय ते दुसरंच आहे. ही जुनी गाडी यासीन उस्तादानं पारखली, 'घे' म्हणाला, आणि दत्ताला खड्ड्यात घातलं, असं अख्खा गाव समजतो. तो डाग घेऊन तुम्ही गेलात. डाग माझा होता. तुम्हालाही माहीत नव्हतं, असं मी कालपर्यंत समजत होतो.

तुमच्या कानाची ख्याती मी तुम्हाला काय सांगू? पण सांगतो, कारण तुम्ही स्वतः कधी मिरवलं नाहीत. गाडी चालवणं सुटल्यावर तुम्ही निवृत्ती मिस्त्रीच्या शेडमध्ये लिंबाखाली बसायचात. कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी तुमच्याकडं यायचा. आपल्याकडं पत्रिका बघितल्याशिवाय पोरगी देत नाहीत, तसं उस्तादानं ऐकल्याशिवाय गाडी घेत नाहीत. तुम्ही जायचात, इंजिन चालू करायला लावायचात, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ उजव्या कानाला. डोळे मिटलेले. मग एकच शब्द. 'घे' नाहीतर 'सोड'. पैसे कधी घेतले नाहीत, एक कप चहा. त्या चहाचा केवढा रुबाब होता! आमदाराला नसेल एवढा.

मला तुम्ही अकोल्याच्या डोंगरात शिकवलंत. भंडारदऱ्याकडं तांदूळ भरायला जायचो तेव्हा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा होता ना, त्याच्यावर तुम्ही फडकं टाकलंत. म्हणालात, "काट्याकडं बगू नको रं. काट्याला काय कळतंय? इंजिन दमलंय का खूश हाय, त्ये कानानं वळख." मी गिअर चुकवला की तुम्ही काही बोलायचा नाहीत, नुसते कळवळायचात, आपल्याच पायावर कुणी पाय दिल्यासारखे. सहा महिने ते फडकं तसंच होतं. आजही काट्याकडं माझं लक्ष जात नाही. मला जे ऐकू येतं ते चारचौघांना येत नाही, आणि ते देणं तुमचं आहे. हे लिहिताना हात थांबतोय, कारण माझा गुन्हा इथूनच सुरू होतो.

तुमचा डावा कान टायर फुटला तेव्हाच गेला होता. उजवाही जातोय, हे मला तुम्ही सांगितलं नव्हतं. मी ओळखलं. शेडमध्ये बसलेलो असताना अजान झाली की पूर्वी तुम्ही पहिल्या शब्दाला उठायचात, हातातला चहा ठेवून. मागच्या दोन वर्षांत तुम्ही आधी शेजारच्या सलून‍वाल्या रशीदकडं बघायला लागलात. तो टोपी घालून निघाला की तुम्ही निघायचात. एकदा रशीद गावाला गेला होता. अजान झाली, संपली, आणि तुम्ही मला कांद्याचा भाव विचारत बसलात. मी भाव सांगितला. तुम्हाला कसं सांगायचं? गवयाला बेसूर झालास म्हणून सांगायची हिंमत कुणाची असते?

आता ती दुपार. संगमनेरच्या त्या मालकाला त्याचा अठरा चाकी ट्रेलर विकायला काढायचा होता. सोळा वर्षं शेठची चाकरी करून मी विटलो होतो. दिवाळीला घरी नाही, पोरीच्या बारशाला नाही, वर पुन्हा 'डिझेल कुठं गेलं' म्हणून चोरासारखी झडती. मला माझी गाडी पाहिजे होती, बस्स. बायको मात्र अडून बसली होती, मंगल. "दुसऱ्यानं वापरून टाकलेली गाडी, तिच्यापायी मी अंगावरचं सोनं का मोडू?" मग एक दिवस नरमली. "यासीनचाचा हो म्हनले तर माझी ना न्हाई." तिचा देवावर नव्हता एवढा विश्वास तुमच्यावर होता.

आणि मी काय केलं? तुम्हाला न्यायच्या आदल्या दिवशीच जाऊन इसार देऊन आलो. दुसरं गिऱ्हाईक आलंय, असं मालक म्हणाला आणि मी भ्यालो. म्हणजे गाडी घेऊन झाली होती, उस्ताद. तुम्हाला नेलं ते पारखायला नाही. मंगलसाठी तुमचं 'हो' आणायला नेलं.

इंजिन चालू झालं. तुम्ही पेचकस लावला, डोळे मिटले. मी शेजारी उभा होतो. खालून, अगदी बुडातून, एक बारीक टकटक येत होती. गाडीवाल्याला विचारा, ती टकटक म्हणजे काय ते. क्रँकचं बेअरिंग बोलायला लागलं की इंजिनाचे दिवस भरले. मला ती ऐकू आली. नीट आली. मी मनाला म्हणालो, टॅपेट सैल असेल, आवळलं की थांबेल. टॅपेट वर असतं आणि आवाज खालून येत होता, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तरी म्हणालो, टॅपेट असेल.

तुम्ही डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणालात, "घे."

ते ऐकून मी भ्यालो आणि त्याच वेळी खूशही झालो. दोन्ही एकदम होतं, हे त्या दिवशी कळलं. परत येताना मी तुम्हाला पेढे घेऊन दिले आणि तुम्ही सगळ्या रस्त्यात एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, म्हाताऱ्याला झोप आली.

तिसऱ्या महिन्यात चंदनापुरीच्या घाटात इंजिन बसलं. भरलेली गाडी. ओढून निवृत्ती मिस्त्रीच्या शेडमध्ये आणली, तुमच्याच लिंबाखाली. मिस्त्रीनं खालचं झाकण उतरवलं, बेअरिंगचा चुरा हातावर घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे तर आंधळ्यालाबी ऐकू आलं असतं. उस्तादाचा कान गेला रं. दत्ताला बुडीवला त्यानं." लोक हसले. तुम्ही तिथंच होतात. तुम्हाला ऐकू आलं नाही, पण हसणं दिसलं. मी तिथंच पान्याशी खेळत उभा राहिलो. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही शेडमध्ये यायचे बंद झालात.

मग तुम्ही माझ्या घरी आलात, गाडीचं विचारायला. मी जेवत होतो. मंगल दारात गेली आणि तिचा बांध फुटला. "चाचा, तुमच्या शब्दावर मी अंगावरचं उतरून दिलं. तुमच्या कानावर इसवास ठेवला म्या." तुम्ही चपला हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभे. म्हणालात, "चुकलं पोरी." माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मी कालवणात बुडवला आणि खाल्ला. उठलो नाही. किती वेळा ती दुपार मी परत जगलो, दर वेळी मनातल्या मनात उठतो, आणि खरं बघितलं तर तिथंच बसलेला असतो, चावत.

त्यानंतर तुमच्या दारात मी आलोच नाही. हप्ता आहे, भाडं आहे, गाडी उभी ठेवून चालत नाही, ही सगळी कारणं खरी होती. खरी कारणं लई कामाला येतात. विकून मोकळं व्हावं म्हटलं तर गिऱ्हाईक येतं, चाकाला लाथ मारून बघतं आणि विचारतं, "हीच का ती, यासीन उस्तादानं चुकवलेली?" हो म्हटलं तर तुमच्यावर आणखी एक वार, नाही म्हटलं तर माझं पितळ उघडं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मान हलवायचो आणि गिऱ्हाईक निघून जायचं. रोज सकाळी त्याच गाडीत चढायचं, तीच खुर्ची, तोच आवाज. नवीन बेअरिंग आहे, आता टकटक नाही. तरी मला ऐकू येते.

परवा बंदरावरून येऊन रिकामा झालो. तुम्हाला नेल्यापासून दोन खेपा मारल्या, मुद्दाम मारल्या, घरी थांबायला लागू नये म्हणून. मंगल म्हणाली, "चाचीकडं बसायला जायाचं न्हाई का? लोक थुकत्याल तोंडावर." काल दोघं आलो तुमच्याकडं.

चाची वट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये दत्ता. जेवला का?" एवढंच. मातीला का आला नाहीस, हे विचारलंच नाही. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं, पण 'जेवला का' ऐकून मी मोडलो. मंगलच्या समोरच सगळं बोलून टाकलं. "चाची, उस्तादांची काय चूक न्हवती. त्यांना ऐकू येत न्हाई, हे मला माहीत हुतं. मी इसार आदीच दिला हुता."

चाचींचे हात थांबले नाहीत. एक खडा काढून बाजूला टाकला. "त्यांनाबी माहीत हुतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत हुतं?"

"त्यांना ऐकू येत न्हाई ह्ये तुला ठावं हाय, त्ये. संगमनेरास्नं आले त्या दिशी जेवले न्हाईत. म्हनले, पेचकस लावला, काय बी ऐकू आलं न्हाई. डोळं उघडलं तर दत्ता माझ्या तोंडाकडं बगत हुता, जत्रंत लेकरू खेळन्याकडं बगतं तसा. मला न्हाई म्हनवलं न्हाई."

"मंग मला बोलले का न्हाईत?"

"म्हनायचे, त्यो आपनहून सांगंल. गाडी घिऊन दारात यील, हार्न मारंल आन सांगंल. रोज सांजच्याला हितं वट्यावर बसायचे वाट बगत." चाचींनी पदरानं नाक पुसलं. "हार्न त्यांना कुठला ऐकू यायाला? म्हनून मी बसायचे संगं."

मी तुमच्या घरासमोरच्या रस्त्यानं कितीदा गेलो, उस्ताद. हॉर्न न मारता, गिअर हलका ठेवून, तुम्ही वट्यावर दिसाल म्हणून मान दुसरीकडं फिरवून. आणि तुम्ही बसलेले होतात. माझा गुन्हा ठाऊक असून मंगलसमोर 'चुकलं पोरी' म्हणालात. का म्हणालात? एक कानफटात मारायची होती. तुमचा तो हक्क होता. इतकं चांगलं वागायचं कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मला तुमचा राग येतोय आणि तुमचे पाय धरावेसे वाटतायत, आणि धरायला पाय नाहीत.

निघालो. मोटारसायकलवर मंगल मागं बसली. कबरस्तानाजवळ आल्यावर म्हणाली, "थांबवा." मी थांबवली. "तुमी मला त्यांच्यापुढं उभं केलं," ती म्हणाली. "मी त्या मानसाला दारातनं वाटंला लावलं. आता मी कुनाची माफी मागू?" ती खाली उतरली. "मी हितंच थांबते. तुमी जा आत. माती तरी द्या."

आत गेलो. तुमची कबर कडेलाच आहे, मिस्त्रीच्या शेडच्या भिंतीला लागून. माती अजून खाली बसलेली नाही. भिंतीपलीकडं कुठल्या तरी गाडीचं इंजिन चालू होतं. मी तीन मुठी माती घातली, अकरा दिवस उशिरा, आणि पुटपुटायला लागलो. उस्ताद, मी असं केलं, मी तसं केलं. मग मलाच माझी लाज वाटली. जिवंत होतात तेव्हा माझं पुटपुटणं तुम्हाला कधी ऐकू गेलं, म्हणून आता जाणार? मी आवाज चढवला. आणखी चढवला. इंजिनाच्या वर आवाज काढून मी पहिल्यापासून सगळं बोललो. इसार, पेचकस, 'चुकलं पोरी', सगळं. घसा बसला. मध्येच कधी तरी पलीकडचं इंजिन बंद झालं, ते मला कळलंच नाही.

मान वर केली तर भिंतीवरून निवृत्ती मिस्त्री बघत होता. त्याच्या मागं शेडमधली चार-पाच माणसं, रशीदसुद्धा.

"दत्ता, कुनाशी बोलतो रं?"

"उस्तादांशी."

"मंग वरडतो कशाला एवढा?"

"त्यांना ऐकू येत न्हवतं, मिस्त्री," मी म्हणालो. "गाडी घेतली त्या दिशीबी येत न्हवतं."

मिस्त्रीनं हातातलं फडकं खाली केलं, आणि मी पुढचं बोललो.

"मला येत हुतं."